लघवीचा रंग आणि डोळ्यांचा रंग
क्षयाच्या औषधांचा त्रास कुठं नोंदला जातो : कोल्हापुरातलं एक प्रकरण

“दादा, ह्यांचं डोळं बघा की ओ जरा.”

ऑगस्टातली संध्याकाळ. बाहेर पाऊस, लाईट दोनदा जाऊन आलेली. नवरा काउंटरला टेकून उभा होता. बायकोनं त्याची टोपी मागं सारली आणि मी ट्यूबखाली त्याची खालची पापणी ओढून बघितली. पांढरं काही उरलंच नव्हतं. हळदीच्या पाण्यात बुडवून काढावं तसा डोळा.

या माणसाला मी गेल्या तीन आठवड्यांत दोनदा औषध दिलं होतं. दोन्ही वेळा त्याचे डोळे माझ्यापासून फूट-दीड फुटावर होते.

माझं मेडिकल शिरोलीच्या फौंड्र्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. गिऱ्हाईक बहुतेक कामगार. हा त्यातलाच, मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला. वय ३४, वजन ४६ किलो. इथं त्याला मोल्डरच म्हणतो. फौंड्रीत लोक भट्टीला भितात, पण फुफ्फुसाचं जास्त नुकसान वाळू करते. सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत बसत गेली की क्षयाला वाट सोपी होते. दीड महिन्याचा खोकला आणि उतरलेलं वजन घेऊन तो सरकारी दवाखान्यात गेला. मशीनवर बेडका तपासला, जंतू सापडले, पण रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देणारे. म्हणजे नेहमीचा, सहा महिन्यांत बरा होणारा टीबी. जुलैच्या सुरुवातीला गोळ्या चालू झाल्या. त्याच्या वजनाला रोज सकाळी तीन. एका गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. पहिली तिन्ही लिव्हरवर भार टाकणारी, चौथं डोळ्यांच्या नसेला त्रास देऊ शकणारं. चारही दोन महिने, मग पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधं चार महिने.

पुढचा क्रम मी नंतर त्या दोघांना दोन-तीनदा विचारून जुळवला. दिवस मोजलेत ते गोळी सुरू झाल्यापासून.

बाविसावा दिवस. तो माझ्याकडे आला. “पित्त झालंय ओ. सकाळी गोळी घेतली की मळमळतंय. एक चांगली गोळी द्या.” मी पँटोप्रॅझोलची पट्टी दिली. कसली गोळी घेतोस, हे विचारलं नाही. संध्याकाळी सातची वेळ, मागं पाच माणसं, हे कारण सांगता येईल, पण रिकाम्या दुकानातही मी विचारलं असतं असं नाही. पित्ताची गोळी मागायला येणाऱ्याला कोण काय विचारतं?

सत्ताविसावा दिवस. अंगात कणकण, जेवण जात नाही. पॅरासिटॅमॉल ६५०, दहाची पट्टी. एरवी निर्धोक औषध. पण आधीच सुजू लागलेल्या लिव्हरला ते वरचं ओझं. शिवाय कणकण उतरली की माणसाला बरं वाटतं आणि दवाखाना चार दिवस पुढं जातो.

तिसावा दिवस. लघवी गडद झाली. इथं मला या प्रकरणातली सगळ्यात बोचणारी गोष्ट दिसते. पहिल्याच दिवशी आशाताईंनी त्याला सांगितलं होतं, “लघवी तांबडी होईल, भिऊ नका.” सल्ला अगदी बरोबर. रिफॅम्पिसिननं लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी, सगळं केशरी होतं, आणि हे आधी सांगितलं नाही तर लोक रक्त समजून गोळ्या फेकून देतात. पण काविळीतही लघवी गडद होते. त्यामुळं ज्या खुणेवरून घरचा माणूस पहिल्यांदा सावध झाला असता, तीच खूण आपण आधीच ‘काही नसतं’ म्हणून पुसून टाकलेली. बायकोला रंग बदललेला कळला होता. आधी केशरी होता, आता मोहरीच्या तेलासारखा. तिनं तसं म्हटलंही. “गोळीचाच असतोय रंग,” असं तोच तिला म्हणाला.

गोळीच्या रंगानं डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होत नाही, एवढं एकच वाक्य त्या घरात कुणाला माहीत असतं तर पुढचे अकरा दिवस वाचले असते.

चौतिसावा दिवस. डोळे पिवळे दिसले, शेजाऱ्यांनी कावीळ म्हटलं. पावसाळा, पंचगंगेचं गढूळ पाणी, आणि २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून आलेली काविळीची साथ आपल्याकडच्या लोकांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. त्यामुळं कावीळ म्हणजे पाणी, हे ठरलेलं. उसाचा रस सुरू झाला, तेल-तिखट बंद. एका गावात कावीळ उतरवून घेतली: हाताला कसला तरी रस चोळायचा, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं होतं. त्या वैदूनं आणखी एक सांगितलं, “इंग्रजी गोळ्या बंद कर.” त्यानं केल्या. त्या सगळ्या आठवड्यात त्याला मिळालेला एकमेव योग्य सल्ला हाच होता, हे लिहिताना मला हसावं की रडावं कळत नाही.

एकोणचाळिसावा दिवस. रोजच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी माणसाचा फोन आला. पाच डोस चुकलेले दिसतायत, कोर्स अर्धवट सोडलात तर औषधाला दाद न देणारा टीबी होईल. तो म्हणाला, कावीळ झालीया. पलीकडून उत्तर आलं, पाण्याची असेल, दवाखान्यात दाखवा पण गोळी सोडू नका. माणूस घाबरला आणि त्यानं गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दोन दिवस घेतल्या. एक्केचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी बायको त्याला धरून माझ्याकडे घेऊन आली.

फोन करणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढच्या यादीत कितीतरी नावं असतात आणि प्रत्येक नावापुढं एकच प्रश्न: आज घेतली की नाही? आपली सगळी व्यवस्था याच प्रश्नाभोवती उभी आहे आणि त्यालाही कारण आहे. क्षयाचा उपचार अर्धवट सुटणं हा खराच मोठा धोका. २०१७ पासून देशभर रोजच्या गोळीची पद्धत आली, तेव्हा पाकिटावर लपलेला फोन नंबरही आला. गोळी काढली की खालचा नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, की आजची गोळी घेतल्याची नोंद. युक्ती झकास आहे. पण त्या मिस्ड कॉलमधून ‘गोळी घेतली’ एवढंच कळतं. ‘घेतली आणि ओकलो’ हे सांगायला दुसरा नंबर नाही. त्यामुळं मोल्डरचे ते पाच दिवस कागदावर ‘चुकलेले डोस’ झाले. लिव्हर सुजलेला रुग्ण आणि हलगर्जी रुग्ण, दोघांची नोंद एकसारखीच.

तसा माझ्याकडंही एक कागद आहेच. मार्च २०१४ पासून क्षयाची औषधं एच-वन परिशिष्टात आहेत. कुणी चिठ्ठी दिली, कुणी नेली, किती नेली, हे मला वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. २०१८ पासून औषध दुकानदारानं क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळवणंही बंधनकारक आहे. कायद्याच्या दृष्टीनं मी मोठा पहारेकरी. पण मोल्डर माझ्या रजिस्टरात नव्हताच! त्याच्या गोळ्या सरकारी, फुकट मिळालेल्या. माझ्याकडं तो फक्त पित्ताचं गिऱ्हाईक. त्रास व्हायला लागल्यावर माणूस जिथं सगळ्यात आधी जातो त्या काउंटरला तो क्षयाचा रुग्ण आहे हेच माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्याकडं तो त्रास घेऊन गेलाच नाही.

दवाखान्यातलं थोडक्यात सांगतो. एसजीपीटी, म्हणजे लिव्हर किती दुखावली ते सांगणारा रक्तातला आकडा, ६१२, जिथं चाळीसच्या आसपास नेहमीचं मानतात. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत डोळे पिवळे करणारं द्रव्य, ६.४. त्रास होत असेल तर एसजीपीटी तिपटीच्या वर गेल्यावर, आणि काहीच त्रास नसेल तरी पाचपटीच्या वर गेल्यावर, गोळ्या थांबवायच्या असा नियम आहे. इथं आकडा पंधरापट. चारही औषधं त्याच रात्री बंद. हिपॅटायटिस ए, ई, बी, सी, सगळ्या तपासण्या निगेटिव्ह, म्हणजे पाण्याचा संशय गेला. दारूबद्दल विचारल्यावर डॉक्टरांना “न्हाई” म्हणाला. मला नंतर म्हणाला, “पगाराच्या दिवशी एक क्वार्टर, ते काय पिणं न्हवं.” मी ते डॉक्टरांना कळवलं. गोळ्या सुरू करण्यापूर्वीची लिव्हरची तपासणी झालेली नव्हती, त्यामुळं आधी आकडा किती होता हे कधीच कळणार नाही.

साडेतीन आठवड्यांनी एसजीपीटी दुपटीच्या खाली आला. आजार फार पसरलेला नव्हता म्हणून एवढं थांबता आलं. पसरलेला असता तर लिव्हरला सोसणारी दुसरी औषधं मधल्या काळात चालू ठेवावी लागली असती. मग एकेक औषध परत आणलं. आधी रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल. आठवड्यानं तपासणी करून आयसोनियाझिड. पायराझिनामाइड आणलंच नाही, त्याबदल्यात कोर्स नऊ महिन्यांचा झाला. सरकारी पाकिटात औषधं एकत्र असतात. सुटी यायला चार दिवस लागणार होते, म्हणून पहिली चिठ्ठी घेऊन तो माझ्याकडं आला. रिफॅम्पिसिन ४५०, इथॅम्ब्युटॉल ८००, चार-चार नग. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं नाव माझ्या एच-वन रजिस्टरात चढलं.

आता औषधाचा त्रास कळवायच्या फॉर्मबद्दल, कारण माझं मुख्य काम तेवढंच होतं.

औषधानं त्रास झाल्याचा संशय आला की कळवायची व्यवस्था आपल्याकडं २०१० पासून आहे. तिचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये. तिथून अहवाल स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक केंद्राकडं जातात. डॉक्टरच लागतो असं नाही. नर्स, फार्मासिस्ट, खुद्द रुग्ण, कुणीही कळवू शकतं. रुग्णासाठीचा फॉर्म मराठीतही आहे. १८००-१८०-३०२४ वर फुकट फोन लागतो. कमीत कमी चार गोष्टी हव्यात: कुठला तरी ओळखता येणारा रुग्ण (आद्याक्षरंसुद्धा चालतात), काय झालं, कुठल्या औषधाचा संशय, आणि कळवणारा कोण. हे सगळं मला डी.फार्मपासून पाठ होतं. त्या दिवसापर्यंत मी एकही फॉर्म भरलेला नव्हता.

का नव्हता? धंद्यातल्या चार जणांना विचारलं तर तीन कारणं निघाली: वेळ नाही, ‘आपल्यावर येईल’, आणि ‘नक्की त्याच औषधानं झालं हे कसं सांगायचं?’ वेळेचं सोडा, अर्धा तास लागला. आपल्यावर येत नाही. कळवणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे, हे फॉर्मवरच छापलेलं असतं. तिसरं कारण खरं विचार करण्यासारखं आहे.

नक्की कशानं झालं, हे मलाही सांगता येत नव्हतं. एका गोळीत चार औषधं, वरून माझं पॅरासिटॅमॉल, वैदूचा पाला, पगाराच्या दिवसाची क्वार्टर. मी सगळं लिहिलं, माझ्या दोन पट्ट्यांसकट. ते लिहिताना हात जरा अडखळला हे कबूल करतो. कारण ठरवणं हे कळवणाऱ्याचं काम नाहीच. ते पुढं तज्ज्ञ ठरवतात आणि त्याच्या पायऱ्या आहेत: खात्रीशीर, संभाव्य, शक्य, संभव कमी, आणि माहितीच अपुरी. औषधं थांबवल्यावर लिव्हर सुधारली, म्हणजे औषधांवरचा संशय पक्का झाला. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड परत देऊनही आकडा चढला नाही, म्हणून उरलेल्या पायराझिनामाइडकडं बोट जातं. पण ते परत देऊन बघितलेलं नाही, आणि केवळ खात्रीसाठी तसं बघणं हा शहाणपणाही नव्हे. म्हणून ‘खात्रीशीर’ कधीच होणार नाही. मला मिळालेला शेरा ‘शक्य’ असा होता. बायकोला वाटलं, म्हणजे आपलं खोटं ठरलं. तिला समजावलं की एकाचा ‘शक्य’ हलका असतो, पण त्याच औषधाचे तसे शंभर एका जागी आले तर कुणालातरी उठून बघावं लागतं.

फॉर्ममध्ये एक रकाना बॅच नंबरचा असतो. बरेच जण तो कोरा सोडतात. पण त्रास औषधाच्या गुणधर्मामुळं झाला की एखादा घाणा बिघडला होता, हे कळायला तोच लागतो. रिकामी पाकिटं त्यानं टाकून दिली होती. शेवटचं, दोन गोळ्या शिल्लक असलेलं पाकीट त्याच्या बायकोला चटणीच्या बरणीमागं सापडलं. क्षयाची गोळी आहे हे शेजारणीला दिसू नये म्हणून तिनंच तिथं ठेवलेलं. कोपरा तेलकट झालेला, नंबराचा शेवटचा आकडा ३ की ८ ते उजेडात धरून ठरवावं लागलं.

एवढ्या एका माणसासाठी एवढा खटाटोप का, असं मला आमच्याच असोसिएशनमधल्या एकानं विचारलं. त्याला मी आयसोनियाझिडची गोष्ट सांगितली. हे औषध १९५२ साली वापरात आलं. लाखो लोकांनी घेतलं. ते लिव्हरला किती महागात पडू शकतं हे नीट ध्यानात आलं १९७० मध्ये, अमेरिकेच्या राजधानीत. कॅपिटॉल हिल भागात क्षयाचा संसर्ग सापडला म्हणून २,३२१ जणांना प्रतिबंधासाठी हे औषध दिलं गेलं. १९ जणांना हिपॅटायटिस, म्हणजे लिव्हरची सूज झाली, त्यातले दोघे गेले. अठरा वर्षं जे दिसलं नाही ते तिथं का दिसलं? कारण किती जणांनी घेतलं हेही माहीत होतं आणि किती जणांना त्रास झाला हेही. खालचा आकडा आणि वरचा आकडा, दोन्ही.

माझ्या फॉर्मसारख्या सुट्या फॉर्मांत वरचा आकडा मिळतो, खालचा नाही. त्यातून ‘किती टक्के’ निघत नाही, फक्त धोक्याची घंटा वाजते. टक्का हवा तर ठरावीक रुग्णांचा गट धरून प्रत्येकाला प्रत्येक भेटीत विचारावं लागतं, त्रास झालेल्याला आणि न झालेल्यालाही. आणि तो टक्का श्रीमंत देशांतून उसना आणून भागत नाही. आपल्याकडं आयसोनियाझिड शरीरातून सावकाश बाहेर टाकणारे लोक पुष्कळ, कुपोषण आहे, वजन ४६ किलो आहे. आफ्रिकेत थायोॲसिटॅझोनचं असंच झालं. क्षयावरचं, स्वस्त म्हणून गरीब देशांतच उरलेलं औषध. एचआयव्ही पसरल्यावर तिथल्या क्षयरुग्णांच्या अंगावरची कातडी जीवघेणी सोलवटू लागली. १९९०च्या सुमारास केनियातल्या डॉक्टरांनी मोजून दाखवलं, तेव्हा एचआयव्ही असलेल्यांना ते देणं थांबलं. ज्या देशांत ते औषध कुणी घेतच नव्हतं, तिथून हे कळणं शक्य नव्हतं.

हे जागतिक आरोग्य संघटनेला कळत नाही असं नाही. २०१५ पासून क्षयाच्या नव्या औषधांसाठी सक्रिय देखरेखीची चौकट आहे. दाद न देणाऱ्या टीबीवरच्या बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या एका चाचणीत औषध मिळालेल्या ७९ पैकी १० आणि न मिळालेल्या ८१ पैकी २ रुग्ण दगावले होते. कारण स्पष्ट नव्हतं, पण तेवढ्यानं सगळे सावध झाले. भारतात २०१६ साली ते आलं तेव्हा आधी फक्त सहा केंद्रांत, वारंवार ईसीजी काढून. ते योग्यच झालं. आज दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णाचा ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं, हातापायाला मुंग्या येतात का हे विचारलं जातं. पण २०२३ मध्ये जगातल्या अंदाजे १ कोटी ८ लाख नव्या क्षयरुग्णांपैकी सव्वीस टक्के भारतातले, आणि त्यातले बहुतेक घेतात त्या जुन्या चार औषधांना ही चौकट लागू नाही. जुनी म्हणजे ओळखीची, असं आपण धरून चाललोय. मोल्डरला साधा टीबी झाला, म्हणून त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. अवघड टीबी झाला असता तर बघितलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ईसीजी मशीन लागेल असं काही मी मागत नाही. त्या रोजच्या फोनमध्ये ‘घेतली का’च्या जोडीला ‘जेवण जातंय का, डोळे पिवळे आहेत का’ हे दोन प्रश्न घालायचे, आणि उत्तर ‘हो, पिवळे’ आलं तर ते लिहायला रकाना द्यायचा.

त्याच्या कार्डावर ते पाच दिवस अजून ‘चुकले’ असेच आहेत. बदलून घ्यायचा प्रयत्न केला. तशी सोय नाही असं सांगण्यात आलं.

मोल्डरचा आता औषध परत सुरू केल्यापासूनचा चौथा महिना चालू आहे. वजन ४९. वाळूवरून काढून त्याला पॅकिंगला टाकलंय, पगार थोडा कमी.

मागच्या आठवड्यात बायको एकटीच आली. घरातल्यांना लागण होऊ नये म्हणून द्यायचा प्रतिबंधक कोर्स पावसाळ्यातल्या गडबडीत राहून गेला होता, तो आता सुरू करायचा होता. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे: आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन. तिनं पाकीट काउंटरवर ठेवलं, सरकवलं नाही, बोटानं धरूनच ठेवलं.

“ह्यातबी तेच हाय म्हणं. आणि लघवी तांबडी हुईल, भिऊ नका म्हणाल्यात.”

मी म्हणालो, “व्हयनी, लघवी तांबडी होईल, त्याला भिऊ नका. पण जेवण गेलं, उलटी झाली, डोळं पिवळं दिसलं तर पुढची गोळी घ्यायची न्हाई, त्याच दिवशी दवाखाना.” गोळी चालू करायच्या आधी लिव्हरची तपासणी करून घ्यायला सांगितलं आणि पाकिटाच्या मागं हेल्पलाइनचा नंबर लिहिला.

तिनं पाकीट उलटं करून बघितलं. मग म्हणाली, “ह्यांचं डोळं मी बघितलं. माझं कोण बघणार?”

मी ट्यूबखाली बोलावून तिची पापणी ओढून बघितली. पांढरी होती. तारीख टाकून रजिस्टराच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, कारण पुढं तसा रकानाच नव्हता.